हे चित्र कुणाचं?

भूगोलाच्या सरांनी नोट्सचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा त्याच्या कडा हाताळून मऊ पडल्या होत्या. प्रथम वर्ष कला शाखेचा प्राकृतिक भूगोल, मराठीतून, वीसेक वर्षं शिकवता शिकवता घडत गेलेला. दर वर्षी कॉलेज सुरू झालं की मूळ प्रत समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात जायची आणि मुलं आपापल्या प्रती काढून घ्यायची. प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत. आकृत्यांमधल्या बाणांची टोकं केव्हाच पुसली गेली होती.

"मॅडम, याचं नीट पुस्तक करता येईल का? मुलांना पैसे न पडता मिळेल असं."

मी पान उलटलं. एका रुंद धबधब्याचा फोटो होता. मी विचारलं, "सर, हे चित्र कुणाचं?"

"नायगाराचं."

"हो, पण काढलं कुणी?"

सर गप्प झाले. त्यांनी ते कुठून तरी घेतलं होतं, ज्याच्याकडून घेतलं त्यानेही कुठून तरी घेतलं असणार. त्या दिवसापासून पुढचं दीड वर्ष मी हा एकच प्रश्न विचारत राहिले. मुक्त शैक्षणिक साहित्याच्या कामात ग्रंथपालाचं काय काम, असं मला अनेकदा विचारतात. मजकूर प्राध्यापक लिहितात, मांडणी डीटीपीवाला करतो. आमचं काम या प्रश्नापासून सुरू होतं. ग्रंथालयात पुस्तक आलं की ते कुठून आलं, कुणाकडून, केवढ्याला, हे दाखल नोंदवहीत चढल्याशिवाय रॅकवर जात नाही. तीच शिस्त मी चित्रांना लावली. एक नवी वही घातली: चित्राचं नाव, कर्ता, मूळ ठिकाण, परवाना. चौथा रकाना भरत नाही तोवर चित्र पुस्तकात नाही.

'मुक्त शैक्षणिक संसाधनं' ही संज्ञा युनेस्कोच्या 2002 च्या बैठकीत रुळली, आणि 2019 मध्ये युनेस्कोने त्याविषयी सदस्य देशांना रीतसर शिफारसही केली. पण आपल्याकडे 'मुक्त' आणि 'फुकट' यांची गल्लत अजून सुटलेली नाही. नेटवर फुकट दिसतं ते वाचायला मोकळं असतं. ते जपून ठेवायला, वापरायला, बदलायला, दुसऱ्यात मिसळायला आणि पुढे वाटायला मोकळं असेलच असं नाही. या पाचही गोष्टींची परवानगी कर्त्याने आधीच लिहून दिलेली असेल, तरच साहित्य मुक्त. 'चालेल हो, घ्या' एवढ्याने भागत नाही, कारण चालेल म्हणणारा माणूस उद्या भेटेलच असं नाही.

कायदाही इथे नीट वाचावा लागतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचं कलम 52 शिक्षकाला शिकवण्याच्या ओघात मजकुराच्या प्रती करायची मुभा देतं. दिल्ली विद्यापीठातल्या झेरॉक्स दुकानाच्या खटल्यात 2016 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या मुभेचा अर्थ बराच उदारपणे लावला, आणि आम्हा ग्रंथपालांना त्याचा मोठा दिलासा वाटला. पण वर्गात चालतं ते पुस्तकात चालतंच असं नाही. पुस्तक वर्गाबाहेर जातं. मुक्त पुस्तकात तर आपण पुढच्या माणसाला 'बदला, छापा' असं सांगत असतो, आणि जे आपलं नाही ते आपण कुणाला देणार? त्याच कायद्याच्या कलम 17 नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा मालक एरवी नोकरी देणारा ठरतो. म्हणून सरांच्या नोट्स सरांच्या नावे मोकळ्या करण्याआधी मी संस्थेकडून तसं पत्र घेतलं. कंटाळवाणा कागद, पण पाया तोच.

परवाना ठरवताना आमचा खरा वाद झाला. कर्त्याने आधीच परवानगी लिहून द्यायचे तयार नमुने म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने; ते सहा. "म्हणजे कुणीही माझं पुस्तक उचलून स्वतःचं नाव घालणार?" ही सरांची पहिली भीती होती. सहाही परवान्यांत श्रेय देणं बंधनकारक आहे, हे दाखवल्यावर ती गेली. दुसरी भीती चिवट होती. कुणी यावर पैसे कमावले तर? सरांना 'अव्यावसायिक' ही अट हवी होती. मी विरोध केला. आमच्या मुलांपैकी कितीतरी जणांच्या घरी एकच मोबाइल, तोही वडिलांबरोबर शेतावर गेलेला. त्यांना कागदावरचं पुस्तक लागतं. तालुक्याचा छापखाना किंवा समोरचा झेरॉक्सवाला ते बांधून, चार पैसे सुटतील अशा बेताने विकणार असेल तर त्याला आपण का अडवायचं? त्याऐवजी, बदललेली आवृत्तीही याच अटींवर खुली राहिली पाहिजे, ही अट घालावी, असं माझं म्हणणं. तिला 'शेअर-अलाइक' म्हणतात. एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही, म्हणून मी सरांना सही करण्याआधी आठ दिवस थांबायला लावलं. नवव्या दिवशी त्यांनी सही केली.

चूक माझ्याकडूनही झाली. भूजलाच्या थरांची एक सुरेख आकृती मिळाली होती. तिच्यावरची नावं मराठीत करून आम्ही ती प्रकरणात घातली. मी परवान्याचं चिन्ह पाहिलं होतं, अट वाचली नव्हती. शेवटच्या तपासणीत कळलं, मूळ कर्त्याने बदल करून वाटायला मनाई केली होती. भाषांतर हाही बदलच. आकृती काढून टाकली. मग वर्गातल्याच एका मुलीने आपल्या गावच्या विहिरीचा छेद काढून दिला: वर माती, मग मुरूम, मग फुटलेला खडक, खाली अखंड काळा पाषाण. तिच्या लेखी परवानगीसह तो छेद पुस्तकात गेला, खाली तिचं नाव. मूळ आकृतीपेक्षा हा छेद आमच्या मुलांना जास्त कळतो, कारण तशी विहीर त्यांनी वाकून पाहिलेली असते.

त्या रिकाम्या झालेल्या जागांनीच पुस्तक घडवलं. नायगारा गेला. नदीच्या खननकार्याला सरांनी पारनेर तालुक्यातल्या निघोजचे रांजणखळगे घेतले. कुकडीच्या पात्रात पाण्याबरोबर गरगरणाऱ्या दगडगोट्यांनी बेसाल्टमध्ये कोरलेले खोल रांजणच ते. फोटो सहलीत मुलांनी काढले. बेसाल्टच्या उभ्या स्तंभांसाठी अंधेरीची गिल्बर्ट हिल घेतली. परवाना शोधण्याच्या खटपटीत अभ्यासक्रम आपल्या जमिनीवर येईल, असं मला सुरुवातीला वाटलं नव्हतं.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांनी खाल्ला. सरांच्या फायली जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये होत्या. पडद्यावर मराठी, पण संगणकाच्या लेखी ती भलतीच चिन्हं. आमच्या ग्रंथालयात एक दृष्टिहीन विद्यार्थी एनव्हीडीए हे मोफत वाचक-सॉफ्टवेअर वापरतो. त्याने फाइल उघडली तेव्हा निरर्थक खडखडाट ऐकू आला. मुक्त म्हणवणारं पुस्तक त्याला बंदच होतं. मजकूर युनिकोडमध्ये आणला तर रफार सरकले, पहिल्या वेलांट्या शेजारच्या अक्षरावर गेल्या. आणि 'ऱ्य' मोडला. सह्याद्रीच्या 'दऱ्या' ओळीओळीला 'दर्या' झाल्या. भूगोलाच्या पुस्तकात दरीचा समुद्र होऊन कसं चालेल? मी आणि ग्रंथालय परिचर दादा, दोघांनी संध्याकाळी देवघेव बंद झाल्यावर पान पान मोठ्याने वाचून ते दुरुस्त केलं. छपाईसाठी मुक्ता हा फाँट घेतला, तोही खुल्या परवान्याचा.

त्याच विद्यार्थ्यासाठी प्रत्येक आकृतीचं शब्दांत वर्णन हवं होतं. सर ते लिहायला बसले आणि अडले. नदीचं नागमोडी वळण बाहेरच्या काठाला का झिजतं आणि आतल्या काठाला गाळ का साठतो, हे बोट न दाखवता सांगायचं होतं. तीनदा लिहिलं. मग म्हणाले, "मॅडम, एवढी वर्षं मी हे फळ्यावर काढून मोकळा होत होतो." ते वर्णन आता डोळस मुलंही परीक्षेआधी वाचतात.

शेवटी तालिकीकरण. त्यात माझा जीव रमतो. पुस्तक आमच्या डीस्पेस या सॉफ्टवेअरवरच्या डिजिटल संग्रहात ठेवलं, पण नुसतं ठेवलं की ते सापडतंच असं नाही. 'रांजणखळगे' कुणी जोडून लिहितं, कुणी तोडून, काही पाठ्यपुस्तकांत 'कुंभगर्त' असतं. तिन्ही शब्द नोंदीत घातले. भाषा संचालनालयाचा परिभाषा कोश उशाशी होता, तरी मुलांच्या तोंडचा शब्द मी गाळला नाही. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी 1931 मध्ये वाचकाचा वेळ वाचवायला सांगितलं, त्याचा अर्थ मला या नोंदीत रोज नव्याने भेटतो.

गेल्या पावसाळ्यात कोकणातल्या एका कॉलेजच्या बाईंचा मेल आला. खडकांचं प्रकरण त्यांनी आपल्या मुलांसाठी बदललं होतं. त्यांच्या अंगणात काळा पाषाण नाही, जांभा आहे. चिऱ्याच्या खाणीचे त्यांनी स्वतः काढलेले चार फोटो होते, प्रत्येकाखाली नाव, ठिकाण आणि परवाना. आमच्या सरांचं श्रेय पहिल्या पानावर जसंच्या तसं. मी वही उघडली, चारही फोटो चढवले आणि पुस्तकाच्या नोंदीत सरांच्या नावाखाली बाईंचं नाव लिहिलं. मग सरांना बोलावून दाखवलं. ते बराच वेळ जांभ्याचा फोटो पाहत होते. "हा मलाही शिकवायला हवा," म्हणाले, आणि प्रिंट काढून वर्गावर गेले.