कोरे पाणी

यूजेन बूदँ या फ्रेंच चित्रकाराने पेन्सिलीने केलेली बंदरातल्या शिडाच्या गलबतांची रेखाटने एका पुस्तकात प्रथम पाहिली, तेव्हा माझी निराशाच झाली. तीन-चार डोलकाठ्या, गुंडाळलेली शिडे, धक्क्याची एक ओझरती रेघ. पाणी म्हणावे तर जवळजवळ कोरा कागद. चित्र पुरे करायला सवड मिळाली नसावी, असे मनाशी म्हणून पान उलटले.

सवड नव्हती हे खरेच होते. बूदँचा जन्म १८२४चा, नॉर्मंडीतल्या ओंफ्लर बंदरातला. वडील दर्यावर्दी, तोही लहानपणी बोटीवर राबलेला. त्या भरती-ओहोटीच्या किनाऱ्यावर गलबत फार काळ तसेच राहत नाही आणि उजेड तर त्याहूनही कमी, हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. अशा घाईला पेन्सिलच हवी. फ्रान्समधल्या पेन्सिलीची कथाही समुद्रापाशीच जाते. १७९३ मध्ये इंग्लंडशी युद्ध जुंपले आणि तिकडचे ग्रॅफाइट येईनासे झाले. तेव्हा काँते याने ग्रॅफाइटची पूड चिकणमातीत कालवून भाजली व १७९५ मध्ये त्या कृतीचे पेटंट घेतले.

बूदँ आपल्या आकाशाच्या अभ्यासचित्रांवर तारीख, वेळ आणि वारा लिहून ठेवी. १८५९ मध्ये कवी बोदलेरने त्याची आवर्जून दखल घेतली. हे वाचले आणि मला वडिलांची पंचांगे आठवली.

बडोद्याच्या घरी वडील पंचांगाच्या समासात पेन्सिलीने टिपून ठेवीत: पहिला पाऊस किती वाजता आला, वारा कुठला होता, दारी कोण येऊन गेले. त्यांच्यामागे मी ती टिपणे शाईने वहीत उतरवली, अर्धी वाक्ये पुरी केली आणि जुनी पंचांगे रद्दीत घातली. वही नीटनेटकी झाली. पण तीत वडील सापडत नाहीत. कुठे हात कापला, कुठे घाईने अक्षर वाहवत गेले, ते सारे मी सुधारून टाकले होते.

बूदँ १८९८ मध्ये वारला. त्याची हजारो रेखाटने लूव्र संग्रहालयात जशीच्या तशी जपली गेली. वाफेच्या बोटींनी शिडाची गलबते केव्हाच मागे सारली. कागदावरची मात्र अजून धक्क्याला लागून उभी आहेत. आता ते पान उघडले की मी आधी त्या कोऱ्या पाण्याकडे पाहतो. तिथे काही भरावे असे वाटत नाही.