जे नंतर बदलता येत नाही

भाताची झोडणी उरकून चार पैसे हातात आले, की आमच्या बेडशातलं एखादं तरी पोरगं मोबाइल पुढे धरून विचारतं, "दादा, हा पीसी घेऊ का?" कामशेतला माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. अठरा वर्षं हीच खोकी उघडतोय. तयार गेमिंग संगणक घेताना कुठला भाग वाढवून घ्यावा, हे विचारणारा दरवर्षी वेगळा असतो. माझं उत्तर मात्र अनुभवाने एकाच जागी येऊन थांबलंय.

दोन वर्षांपूर्वी शेजारचा पोरगा वडिलांना घेऊन आला. तात्यांनी साठ हजार बाजूला काढले होते, मॉनिटर धरून. पोराने ऑनलाइन एक संगणक हेरला होता. मूळ किमतीच्या खाली वाढीव भागांची यादी होती आणि हव्या त्या भागावर खूण करायची होती. त्याने चार खुणा केल्या होत्या: काचेचा कॅबिनेट, रंगीत दिव्यांचे पंखे, लिक्विड कूलर आणि ३२ जीबी रॅम. यादीत अगदी तळाला, खूण न केलेली एक ओळ होती: एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा.

मी कोपऱ्यातला एक जळका एसएमपीएस टेबलावर ठेवला. "वाच."

"साडेचारशे वॉट."

"त्याच्या खाली बारीक अक्षरात काय आहे?"

त्याने डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. १२ व्होल्टच्या रांगेत १८ अँपियर. १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची जवळजवळ सगळी भूक या १२ व्होल्टवरच भागते. वर ठळक छापलेले ४५० त्यांच्या वाट्याला येतच नाहीत. उद्या १७० वॉटचं आरटीएक्स ३०६० बसवलं आणि प्रोसेसरने त्यावर ऐंशी-नव्वद ओढले, की हिशेब तिथेच तुटतो. पोरगा लेबल पुन्हा पुन्हा वाचत राहिला. तात्या म्हणाले, "म्हंजी मोटार पाच एचपीची सांगत्यात आन् पानी दोनचं काढती."

तो जळका डबा मी मुद्दाम जपून ठेवलाय. धंद्याच्या सुरुवातीला डिप्लोमा करणाऱ्या एका मुलीला मी संगणक जोडून दिला होता. नऊशे रुपये वाचावेत म्हणून हलका एसएमपीएस टाकला. जुलैतल्या एका रात्री वीज तीनदा गेली-आली आणि तो जाताना मदरबोर्ड आणि हार्ड डिस्क दोन्ही घेऊन गेला. तिचं वर्षभराचं प्रोजेक्ट त्या डिस्कवर होतं. ती काही बोलली नाही, नुसती उभी राहिली. ती चूक माझी होती. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो: जे नंतर सहज बदलता येत नाही, किंवा जे बिघडलं तर दुसऱ्याला घेऊन बुडतं, त्यावर आधी पैसे घालायचे.

या नियमाने यादी चाळली, की क्रम आपोआप लागतो. पहिला मान एसएमपीएसचा. नावाजलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ, साडेपाचशे-साडेसहाशे वॉटचा. हा पुढच्या दोन ग्राफिक्स कार्डांना पुरतो. दुसरा मदरबोर्डचा. रॅमच्या पट्ट्या किती बसतात, एसएसडीसाठी एम.२ च्या खाचा किती, पुढच्या पिढीचा प्रोसेसर चालेल का, हे विचारायचं. काही ब्रँडेड तयार संगणकांत मदरबोर्ड आणि एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचे असतात. नेहमीचा २४ पिनचा जोड तिथे बसतच नाही. असा संगणक घेताना स्वस्त पडतो, पण पुढे त्याच्यात भर घालायची वाट बंद होते. आणि झाकण उघडल्यावर वॉरंटी राहते की जाते, हे पैसे भरण्याआधी लेखी घ्यावं.

तिसरं ग्राफिक्स कार्ड. गेम खेळायचा तर सगळ्यांत जास्त रक्कम इथेच जावी, यात वाद नाही. पण नावाला भुलू नये. आरटीएक्स ३०५० एका नावाने दोन प्रकारचं मिळतं. ८ जीबीच्या कार्डात २५६० कोअर आहेत, ६ जीबीच्या कार्डात २३०४, आणि त्याची मेमरीची वाटही १२८ बिटांऐवजी ९६ बिटांची आहे. ६ जीबीचं कार्ड ७० वॉटांत भागवतं, वेगळी वायर लागत नाही, म्हणून हलक्या एसएमपीएसच्या जुन्या संगणकाला ते चांगलं. नव्यासाठी घेताना मात्र कुठलं आहे ते खोक्यावर वाचून घ्यावं. "४ जीबी ग्राफिक्स" एवढंच लिहून आत जीटी ७३० देणारेही आहेत. त्या कार्डावर आजचे मोठे गेम चालत नाहीत. कार्डाचं पूर्ण नाव बिलावर हवं.

रॅम आणि एसएसडी मी शेवटी ठेवतो, कारण ती घरच्या घरी वाढवता येतात. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर मात्र ८ जीबीच्या दोन पट्ट्या पहिल्या दिवशीच हव्यात. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमवरच जगतं आणि दोन पट्ट्यांनी त्याची वाट दुप्पट रुंद होते. कार्ड असेल आणि बोर्डावर दोनच खाचा असतील, तर मी १६ ची एकच पट्टी घ्यायला सांगतो. थोडा वेग कमी पडतो, पण दुसरी पट्टी घालताना पहिली फेकावी लागत नाही.

दिव्यांचा मोह मी समजू शकतो. रात्री खोलीत ते रंग पाहिले की पोरांचे चेहरे उजळतात. पण माझं घर ज्या डोंगराच्या पायथ्याशी आहे, त्या डोंगरातली लेणी मला दुसरं काही शिकवतात. बेडशाचं चैत्यगृह इसवी सनपूर्व पहिल्या शतकातलं. दर्शनी भागापुढे खडक तसाच सोडलाय. अरुंद बोळातून आत गेल्यावरच हत्ती-घोड्यांवरचे स्वार कोरलेले ते उंच खांब समोर येतात. सगळा ऐवज आत आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज अधिकारी पाहायला येत म्हणून इथे रंगरंगोटी होत राहिली आणि जुन्या भित्तिचित्रांचे उरलेले अंशही त्यात गेले. पाहुण्यांसाठी काढलेल्या रंगाने मूळचा रंग गेला. संगणकाच्या यादीतही असंच होतं. पंख्यांच्या दिव्यांवर गेलेले तीन हजार एसएमपीएसच्या वाट्याचे असतात.

यादीत कुठेच नसलेला एक भाग आमच्या मावळात सगळ्यांत आधी लागतो: अर्थिंग. इथे जूनपासून चार महिने भिंती ओल्या असतात. किती तरी घरांत तीन पिनांचा बोर्ड असतो, पण तिसऱ्या पिनेमागे वायरच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात आणि माणसं ते चालवून घेतात. चालवून घेऊ नका. वायरमन बोलावून मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घ्या, जमलं तर यूपीएस घ्या, कॅबिनेट जमिनीवरून उचलून फळीवर ठेवा. पावसाळ्यात संगणक सुरूच होईना, तर घाबरण्याआधी रॅमची पट्टी काढून तिचे सोनेरी दात खोडरबराने हलके पुसा. माझ्या दुकानात पावसात येणारे कितीतरी संगणक एवढ्यावर सुरू होतात.

त्या दिवशी तात्यांच्या पोराने चारही खुणा काढून टाकल्या. साधा, समोरून जाळीचा कॅबिनेट ठेवला; प्रोसेसरसोबत येणारा कूलरच राहू दिला. १६ जीबीची एक पट्टी, ८ जीबीचं ३०५०, ५५० वॉटचा ब्राँझ एसएमपीएस. उरलेल्या पैशांतून तात्यांनी अर्थिंग करून घेतलं. गेल्या दिवाळीत पोराने स्वतःच्या कमाईतून रॅमची दुसरी पट्टी आणली आणि दुकानात न येता घरीच बसवली.

एसएमपीएस तोच आहे. दोन पावसाळे झाले, चालू आहे.