दुव्याला भाषेची ओळख

टौरंगातील आमच्या घरी आई दर रविवारी सकाळी लेख ऐकते. काचबिंदूने तिची दृष्टी अधू केल्यापासून पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज हाच तिचा आधार आहे. घरातील तिन्ही पिढ्यांसाठी आम्ही रुबी ऑन रेल्समध्ये एक छोटे संकेतस्थळ उभारले. त्याची मांडणी इंग्रजीत, लेखांची शीर्षके मराठीत. पहिल्याच दिवशी आईने विचारले, "मध्येच हा आवाज गप्प का होतो?"

पान इंग्रजी म्हणून घोषित होते. मराठी दुवा आला की तो आवाज अडखळे, नाहीतर मौन धरी. बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या 'मूकनायक'वरील लेखाचे शीर्षकच आमच्या पानावर मुके झाले होते.

प्रथम आम्ही दुव्याला 'डेटा-भाषा' असा स्वतःचा ॲट्रिब्यूट जोडला. उपयोग झाला नाही. 'डेटा-'ने सुरू होणारी नावे आपल्याच स्क्रिप्टसाठी असतात. वाचणाऱ्या आवाजाला त्यांचा अर्थ ठाऊक नसतो. त्याला कळते ते एचटीएमएलमधील प्रमाण नाव 'लँग', आणि मराठीची खूण 'एमआर'. केवळ देवनागरी लिपीवरून भाषा ठरत नाही. तीच लिपी हिंदीची, आणि आपण वाचतो त्या पाली वंदनेचीही.

मग 'लँग' लिहिले, तर ते दुव्यावर न बसता पत्त्याच्या शेवटी, प्रश्नचिन्हापुढे जाऊन बसले. रेल्सचे 'लिंक टू' आधी मजकूर, मग पत्ता आणि शेवटी ॲट्रिब्यूट घेते. आम्ही पत्ता कंट्रोलर आणि ॲक्शन यांच्या नावांनी दिला होता. महिरपी कंस नसल्याने रेल्सने पुढचे सारेच पत्त्याचा भाग मानले. पत्त्याला कंस घातला आणि 'लँग' योग्य जागी आले. सोबत 'एचरेफलँग'ही जोडले. पहिले दुव्याच्या शब्दांची भाषा सांगते, दुसरे पलीकडच्या पानाची.

या देशात १९८७ साली माओरीला राजभाषेचा दर्जा मिळाला. तिची खूण 'एमआय'. आपल्या विहाराचे, मंडळाचे पान घडवणाऱ्यांनी आपलीही दोन अक्षरे विसरू नयेत. यंत्रात मराठी आवाज असला की एवढे पुरते.

पुढच्या रविवारी आईने 'मूकनायक' हा शब्द स्वच्छ मराठीत ऐकला, आणि तेवढेच पुन्हा लावायला सांगितले.