गाढव, गूळ आणि डेव्हिड ट्यूडर

गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणणाऱ्याने गाढवाला कधी गूळ घालून पाहिलेला असतो का? मला शंका आहे. म्हण गुळवाल्याच्या सोयीची आहे. गूळ उत्तमच, हे तिथे आधी ठरलेलं. उरलेली सगळी जबाबदारी गाढवाची.

फ्रेंच संगीतकार पिएर बुलेझचा दुसरा पियानो सोनाटा ऐकताना आपण या म्हणीत नेमके कुठे बसतो, ते मला ठरवता येत नाही. अर्धा तास चालतो. गुणगुणायला एक ओळ हाती लागत नाही. सूर एकमेकांच्या अंगावर धावून जातात. 17 डिसेंबर 1950 रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये तो अमेरिकेत पहिल्यांदा वाजवला गेला. वाजवणारा डेव्हिड ट्यूडर, फिलाडेल्फियाचा, वय 24. हा सोनाटा वश होईना म्हणून हा मुलगा फ्रेंच शिकला, बुलेझचे लेख वाचले, आणि त्यांतून आर्तो या नाटकवाल्याच्या पुस्तकापर्यंत गेला. तिथे त्याला त्या आदळआपटीची किल्ली मिळाली म्हणे. एवढं करून ज्याची चव लागते, तो गूळच का?

पण गाढवाचं राहिलं. घोडा साखरेच्या खड्यासाठी तळहात चाटतो, आणि गाढव घोड्याचंच भाऊबंद. म्हणजे निसर्गाच्या बाजूने म्हण मुळात खोटीच निघते. पोळ्याला बैलाच्या तोंडी पुरणपोळी जाते. गाढवाच्या वाट्याला तसला सण नाही, तर चव कळते की नाही हे बघणार कधी? पौष पौर्णिमेला जेजुरीत गाढवांचा बाजार भरतो. गिऱ्हाईक जबडा उघडून दात बघतं. दातांवरून वय ठरतं, दुवान की चौवान, आणि वयावरून भाव. एवढं तोंड उघडून झाल्यावरही जिभेची चौकशी कोणी करत नाही. आणि का करावी? त्याने वीटभट्टीवर माती वाहायची असते.

वाहायची, यावर मी अडकलो. गुळाची ढेप पाठीवर असलेलं गाढव म्हणीत कुठेच नाही. ट्यूडर ते होता का? संगीतकार जॉन केजने 1951 मध्ये ‘म्युझिक ऑफ चेंजेस’ त्याच्यासाठीच लिहिलं. 1952 च्या ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला केजची ती प्रसिद्ध चार मिनिटं तेहतीस सेकंदांची शांतता लोकांपुढे पहिल्यांदा मांडली, तीही यानेच: स्टॉपवॉच लावून, झाकण उघड-मीट करत, स्वर नसलेल्या स्वरलिपीची पानं उलटत. इतरांचा माल त्याने वर्षानुवर्षं वाहिला, आणि मग साठच्या दशकात हळूहळू पियानोच सोडला. स्वतःची रचना करू लागला ती तारा, सर्किटं आणि कंप पावणाऱ्या वस्तूंची. ‘रेनफॉरेस्ट’ 1968 चं. पुढच्याच वर्षी तो अहमदाबादला आला आणि राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझर घेऊन इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा केला. ओझं उतरवलं आणि स्वतःचं गाणं सापडलं, असं म्हणता येईल. फार छान जुळतं, म्हणूनच मला ते पटत नाही. ज्या बोटांनी बुलेझ पेलला, त्यांना पियानो पुरेनासा झाला की नकोसा, यांत बराच फरक आहे. आणि नकोसा झाला असेल, तर 1950 च्या त्या संध्याकाळी तरी त्याला गोड लागलं होतं का?

परवा सोनाट्याचा संथ भाग पुन्हा लावला. मध्ये काही क्षण चक्क आवडले. आता पंचाईत अशी, की ट्यूडरने त्यासाठी फ्रेंच शिकल्याचं मला ठाऊक आहे. ते ठाऊक नसतं तर आवडले असते का, हे तपासायला मला कोणी तरी अगदी कोरा श्रोता हवा आहे, आणि तो सोनाटा पुरा ऐकून घेईल याची काही खात्री नाही.