हौदाकाठचे कोल्हापूर

मराठी घरातल्या पाण्याच्या शब्दांची मोजदाद केली, तर त्यांतले बरेचसे अरबी-फारसीच्या वाटेने आलेले आढळतात. हौद हा अरबी ‘हौज’; पाठीवर मशक वाहणारा भिस्ती हा मुळात ‘बिहिश्ती’, म्हणजे स्वर्गीचा माणूस; रुमाल हा ‘रू’ म्हणजे चेहरा पुसणारा; शिवाय तस्त, सुरई, हमामखाना आणि शिवकालीन अठरा कारखान्यांतला आबदारखाना आहेतच. ‘फारसी-मराठी कोश’ (१९२५) सिद्ध करणारे माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अध्यापन करीत होते. कोश चाळण्याचा जुना छंद असलेल्या प्रवाशाने ‘हौद’ या एका शब्दाचा माग काढीत याच गावी उतरावे, याला त्यामुळे थोडेफार औचित्य आहे. अंबाबाईचे देऊळ, रंकाळा, नवा राजवाडा आणि तांबडा-पांढरा रस्सा यांवर आजवर पुष्कळ लिहून झाले असल्याने त्यांच्यापाशी येथे थांबण्याचे कारण नाही.

मशिदीतला हौद ज्या विधीसाठी असतो त्याचे नाव वजू. इस्लामी धर्मशास्त्रात शुद्धीला ‘तहारत’ म्हणतात, आणि तिच्या उलट बाजूचे दोन निराळे प्रकार मानतात. ‘नजासत’ म्हणजे प्रत्यक्ष घाण, उदाहरणार्थ मूत्र, विष्ठा किंवा वाहिलेले रक्त. ती जिथे लागली असेल तिथून धुऊन काढली की प्रश्न संपतो. ‘हदस’ हा मात्र पदार्थ नसून शरीराची अवस्था आहे. झोप लागणे, वात सरणे, लघवीला जाणे यांनी लहान हदस येतो आणि तो वजूने फिटतो. संभोग, वीर्यस्खलन, मासिक पाळी व बाळंतपण यांनी मोठा हदस येतो आणि त्यासाठी ‘गुसल’, म्हणजे सर्वांगाचे स्नान, करावे लागते. कुराणाच्या पाचव्या अध्यायातल्या सहाव्या वचनात वजूची चार अंगे सांगितली आहेत: तोंड धुणे, कोपरांपर्यंत हात धुणे, डोक्यावरून ओला हात फिरवणे आणि पाय घोट्यांपर्यंत. डोक्यावरून हात फिरवण्याच्या या क्रियेला ‘मसह’ म्हणतात. पाण्याअभावी स्वच्छ मातीवर हात टेकवून तोंडावरून व हातांवरून फिरवण्याची सवलतही त्याच वचनात आहे आणि तिला ‘तयम्मुम’ असे नाव आहे. माती येथे पाण्याची जागा घेते ही गोष्ट कोल्हापूरकराला समजावून सांगण्याची गरज पडू नये, कारण या गावच्या तालमींतून हौद्यातली तांबडी माती अंगाला लावणाऱ्या मल्लाला कोणी कधी मळका म्हटलेले नाही.

चौथ्या अंगाशी, म्हणजे पायांशी, वचनाच्या व्याकरणावरून जो वाद सुरू झाला तो अजून मिटलेला नाही. सुन्नी पंथ पाय धुवावेत असे मानतो, शिया पंथ त्यांवरून ओला हात फिरवणे पुरेसे समजतो. हा वाद कोल्हापूरच्या परिसराला परका नाही. पन्हाळा ज्या विजापूरच्या सत्तेखाली होता त्या आदिलशाहीत यूसुफने १५०२च्या सुमारास शिया पंथ स्वीकारला, पहिल्या इब्राहिमने १५३४मध्ये गादीवर येऊन राज्य पुन्हा सुन्नी केले, पहिल्या अलीने १५५८मध्ये ते परत शिया केले आणि १५८०नंतर दुसऱ्या इब्राहिमच्या काळात ते पुन्हा सुन्नी झाले. राजपंथाच्या या उलथापालथी दरबारातल्या दक्खनी व आफाकी, म्हणजे परदेशातून आलेल्यांच्या, गटांच्या भांडणातून समजावून सांगण्याची इतिहासकारांची रीत योग्यच आहे. परंतु राज्यात पंथ बदलला म्हणजे सरकारी मशिदीत पाय धुवायचे की पुसायचे हेही बदलले, हे एका वाक्यातसुद्धा सहसा येत नाही. खुतब्यात, म्हणजे शुक्रवारच्या प्रवचनात, कोणाचे नाव घेतले हे इतिहासात नोंदले जाते, पायांची दखल मात्र कोणी घेत नाही.

हे पाय डोक्यात ठेवून पन्हाळ्याला जावे. कोल्हापूरपासून वीसेक किलोमीटरवरच्या या गडावर तीन दरवाजा हे आदिलशाही कामाचे उत्कृष्ट उदाहरण आहे आणि त्यावरचे फारसी लेख जागेवर आहेत. जवळच अंधारबाव आहे, काळ्या दगडातली तीन मजली इमारत, तळाशी पाणी आणि वर पहाऱ्याची जागा. गडावरचे वाटाडे तिथल्या चोरवाटेला दहा मिनिटे देतात आणि फारसी लेखाला एकही देत नाहीत, ही तक्रार नोंदवून ठेवणे भाग आहे. खरे पाहता पाणी बंदिस्त इमारतीत राखण्यामागचा विचार चोरवाटेहून अधिक कुतूहलाचा आहे, कारण पाणी हाती असणे हीच वेढ्यात गडाची खरी ताकद असते. १६६०च्या मार्चपासून जुलैपर्यंत सिद्दी जौहर पायथ्याशी बसला होता आणि शिवाजी महाराज आषाढातल्या धो धो पावसाच्या रात्री निसटले. तयम्मुमसाठी पाणी साधारण एक मैलाच्या आत नसावे, अशी हनफी विधिज्ञांची अट आहे. त्या रात्री जौहरच्या छावणीत ती सवलत एकाही शिपायाला मिळाली नसती.

‘हनफी’ हा शब्द येथे उलगडायला हवा. सुन्नी पंथात चार विधिपरंपरा आहेत. देशावरचे, म्हणून कोल्हापूरचेही, मुसलमान बहुतांशी हनफी, तर घाट उतरून रत्नागिरीकडे गेल्यावर भेटणारे कोकणी मुसलमान शाफई. आंबा घाटाच्या दोन्ही अंगांना शुद्धीचे नियम असे थोडे बदलतात. अंगातून रक्त वाहिले तर हनफीचा वजू जातो, शाफईचा जात नाही. पत्नीच्या उघड्या हाताला हात लागला तर शाफईचा जातो, हनफीचा टिकतो. शाफई मतात वजूसाठी ‘नीयत’, म्हणजे मनातला संकल्प, अनिवार्य आहे, तर हनफी मतात ती इष्ट असली तरी अनिवार्य नाही. त्यामुळे पंचगंगेच्या घाटावरून पाय घसरून डोक्यासकट पाण्यात पडलेला हनफी गृहस्थ, त्याच्या मनात काहीही असो, वजू झालेला बाहेर येतो, आणि त्याच्याबरोबर पडलेल्या रत्नागिरीच्या पाहुण्याला वजू पुन्हा करावा लागतो.

हौदाचा मुद्दा याहून मोलाचा आहे. साचलेल्या थोड्या पाण्यात घाण पडली तर ते सगळे पाणी बाद होते. मग ‘थोडे’ म्हणजे किती? शाफईंनी दोन ‘कुल्ले’, म्हणजे दोन मोठे रांजण, सुमारे दोनशे लिटर, ही सीमा धरली. हनफींच्या नंतरच्या विधिज्ञांनी ‘दह दर दह’ हे माप रूढ केले: दहा हात लांब, दहा हात रुंद, आणि ओंजळ भरताना तळ उघडा पडणार नाही इतके खोल. फारसीतला ‘दह’ आणि मराठीतला ‘दहा’ ही एकाच घरची भावंडे आहेत, आणि हात हे मापही दोन्हीकडे दीड फुटाचेच. म्हणजे पंधरा फूट गुणिले पंधरा फूट. एवढ्या हौदाला वाहत्या नदीचा दर्जा मिळतो आणि रंग, वास किंवा चव बदलल्याशिवाय तो अशुद्ध ठरत नाही. त्यात शंभर माणसांनी हात घातले, तरी पाण्याला काही होत नाही. त्याहीपुढे जाऊन सुन्नी विधिज्ञांनी माणसाचे उष्टे पाणी शुद्धच मानले आहे, मग तो माणूस कोणत्याही धर्माचा असो. परधर्मीयाबाबत शिया विधिज्ञांचे जुने मत बहुधा याहून कडक होते, हेही सांगितले पाहिजे.

आता कोल्हापूरच्या दुसऱ्या हौदाकडे वळता येते. शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला असलेल्या गंगाराम कांबळे यांनी मराठ्यांसाठी राखलेल्या पाण्याच्या हौदाला हात लावला म्हणून त्यांना फोडून काढण्यात आले. पुढे महाराजांच्या मदतीने त्यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर चहाचे दुकान काढले आणि महाराज मुद्दाम तिथे थांबून चहा घेत. पुण्यात जोतीराव फुल्यांनी १८६८मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला होता. शब्द तोच, अरबी. पण मशिदीच्या हौदाला जे माप पाण्याचे लावले जाई, ते या हौदांना माणसाच्या जन्माचे लावले गेले.

वेदोक्ताचे प्रकरणही स्नानापासूनच सुरू झाले, हे विसरले जाते. १८९९च्या कार्तिकात महाराज पंचगंगेवर स्नानाला गेले असता भटजी वेदोक्ताऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणत असल्याचे बरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी दाखवून दिले. आणि शूद्रासाठी पुराणोक्तच म्हणायचे असल्याने स्वतः आंघोळ करून येण्याची आवश्यकता नाही, अशा अर्थाचे उत्तर भटजींकडून मिळाले. म्हणजे स्नान कोणी करायचे, हे स्नान घेणाऱ्याच्या वर्णावरून ठरत होते. गुसलाला असा मध्यस्थ लागत नाही. हनफी मतात चूळ भरणे, नाकात पाणी घेणे आणि सर्वांगाला पाणी पोचवणे एवढी तीनच कृत्ये आवश्यक आहेत, आणि ती राजाने आणि भिस्त्याने सारखीच करायची असतात.

एवढ्यावर थांबले असते, तर हा प्रवास सुखाचा झाला असता. मानववंशशास्त्रज्ञ मेरी डग्लस यांनी १९६६मध्ये ‘प्युरिटी अँड डेंजर’ या ग्रंथात विटाळ म्हणजे समाजाच्या चौकटीला वाटणारी भीती, असा सिद्धान्त मांडला. त्याला १९९०मध्ये इस्लामचे अभ्यासक केव्हिन राइनहार्ट यांनी इस्लामपुरते उत्तर दिले की, हदस संसर्गजन्य नाही आणि धोकादायकही नाही, तो केवळ नमाजापुरती अडवणूक करतो. पुराव्यादाखल हदीसमधला प्रसंग नेहमी सांगितला जातो: गुसल बाकी असलेला त्यांचा सहकारी अबू हुरैरा प्रेषितांना टाळून निघून गेला, तेव्हा श्रद्धावंत माणूस अपवित्र होत नसतो, असे त्याला सांगण्यात आले. मासिक पाळीबाबतही असेच आहे. पाळीतल्या स्त्रीला नमाज माफ आहे, रोजे नंतर भरून काढायचे असतात, बहुसंख्य विधिज्ञ तिला मशिदीत थांबू देत नाहीत व कुराणाला हात लावू देत नाहीत. परंतु तिने रांधलेले खावे, तिच्या शेजारी बसावे, याला कसलीही आडकाठी नाही. ‘कावळा शिवला’ म्हणून बाहेर बसवण्याचा मराठी घरांतला जुना प्रकार या शास्त्रात नाही. कायद्याच्या पोथीपुरते राइनहार्ट बरोबर आहेत.

परंतु पोथी म्हणजे इतिहास नव्हे. १९३४मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह, तेव्हा निजामाच्या राज्यात असलेला, दौलताबादचा किल्ला पाहायला गेले होते. महिना रमजानचा होता. दरवाज्याजवळच्या काठोकाठ भरलेल्या हौदात त्यांनी प्रवासाची धूळ धुतली, आणि एक वृद्ध मुसलमान, या लोकांनी आमचा हौद बाटवला, असे ओरडत मागून धावत आला. जमाव जमला, आणि आत कुठे पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, सोबत पहारा देऊन, त्यांना किल्ला दाखवण्यात आला. तुमचा धर्म हेच शिकवतो काय, असा सवाल आंबेडकरांनी तिथे केला. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आठवणींत हे सगळे आहे. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटत नाही, हे सुन्नी शास्त्र शतकानुशतके सांगत आले होते. दौलताबादला त्या दिवशी जे चालले ते गावाचे शास्त्र होते. राइनहार्ट यांच्या प्रतिपादनाला दख्खनमध्ये एवढी पुरवणी जोडावीच लागते, आणि इस्लामी शुद्धीविचारात जात नाही असे अभिमानाने लिहिणाऱ्या मराठी लेखकांनी ती आधी वाचावी.

दौलताबादची आठवण निघाल्यावर प्रवासाचा आराखडा सांभाळणे कठीण होते. दरवाज्यावर गणपती असलेला बाबूजमाल दर्गा धावत पाहून होतो. दसरा चौकातल्या मोहामेडन बोर्डिंगपाशी मात्र पाऊल रेंगाळते. शाहू महाराजांनी १९०६मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करवली आणि तिचे अध्यक्षपद स्वतःकडे घेतले. जातवार वसतिगृहे काढून त्यांनी जात पक्की केली, असा आक्षेप अधूनमधून घेतला जातो. ज्या काळात पाण्याचा हौदसुद्धा जातवार होता, त्या काळात मुलांना शहरात आणून शिकवायचे तर त्यांच्या पिण्याच्या पाण्याची आणि चुलीची सोय आधी लावावी लागणार होती. आक्षेपकांनी हौदाची गोष्ट लक्षात घेतलेली दिसत नाही.

मुक्कामाच्या लॉजविषयी इतकेच सांगता येईल की, तिथे गरम पाणी सकाळी सहा ते आठ मिळते अशी पाटी होती आणि ते सव्वासातला संपत होते. चरफडत बसलेल्या प्रवाशाला परंपरेतला हिशेब उपयोगी पडू शकतो: प्रेषित एक ‘मुद्द’, म्हणजे साधारण पाऊण लिटर, पाण्यात वजू करीत आणि एक ‘साअ’, म्हणजे अंदाजे तीन लिटर, पाण्यात गुसल. लॉजच्या एका प्लॅस्टिकच्या बादलीत अशी पाच-सहा स्नाने मावतात. वाहत्या नदीच्या काठी बसूनही पाणी उधळू नये, असाही दंडक सांगितला जातो. नळ आल्यापासून हा दंडक पाळणे अवघड झाले आहे, कारण वजूच्या नळांच्या रांगेत हात चोळून होईपर्यंत तोटी उघडीच राहते.

शेवटचे गुसल माणूस स्वतः करीत नाही. मयताला त्याच्याच लिंगाची जवळची माणसे न्हाऊ घालतात, विषम संख्येने. पाण्यात बोरीचा पाला उकळतात, शेवटच्या पाण्यात कापूर मिसळतात. बोर आणि कापूर, दोन्ही मराठी घराच्या नित्य ओळखीचे.

संध्याकाळी पुन्हा पंचगंगेच्या घाटावर यावे. मोहरमचे पंजे ताजिया-मिरवणुकीनंतर याच पाण्यात विसर्जनाला येतात, त्यांत हिंदू घरांचेही असतात. इथून नदी इचलकरंजीकडे जाते आणि कारखान्यांचे व कापडाच्या प्रोसेसचे सांडपाणी पोटात घेते. रंग, वास, चव या तिन्ही कसोट्या तिथे एकदमच लागू पडतात. रंग हा मूळचा अपवित्र पदार्थ नसल्याने नुसत्या रंगाने बदललेले पाणी स्वतः शुद्ध राहील, पण दुसऱ्याला शुद्ध करण्याची शक्ती गमावेल, असा बारकावा विधिज्ञ काढतील. त्यात मैला मिसळलेला असल्याने तो बारकावाही येथे निरुपयोगी आहे. कोल्हापूर शहराला २०२३पासून दूधगंगेवरच्या काळम्मावाडी धरणाचे पाणी थेट जलवाहिनीने येऊ लागले आहे.