हात बसणे

थेरगावच्या वेंगसरकर अकादमीत, जेथे क्रिकेटपटू ऋतुराज गायकवाड लहानपणापासून घडला, सराव करणाऱ्या मुलांकडे पाहत उभे राहिले म्हणजे मनुष्याच्या चेतासंस्थेचा केवढा कारभार किती थोड्या अवकाशात उरकला जातो याचा विस्मय वाटू लागतो. ताशी 140 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू सुमारे अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी येतो. तेवढ्यात डोळ्याच्या पडद्यावरील प्रकाशाचा विद्युत्‌संदेश होऊन त्याची वर्दी मेंदूच्या मागील भागात पोहोचावयाची, प्रमस्तिष्काने मनसुबा रचावयाचा, अनुमस्तिष्काने अंगाचा तोल राखावयाचा, आणि मेरुरज्जूच्या वाटेने निघालेला हुकूम मनगटाच्या स्नायूंवर बजावला जावयाचा!

या वर्दीला वेळ लागतो, हेच मुळी फार उशिरा कळले. चेतेतून जाणाऱ्या संदेशाचा वेग मोजता येणारच नाही असे थोर शरीरशास्त्रज्ञही मानीत असता, 1850 च्या सुमारास हेल्महोल्ट्झ या जर्मन पंडिताने बेडकाच्या चेतेवर प्रयोग करून तो मोजला, आणि तो सेकंदाला तीस मीटरांच्या आतबाहेर भरला. माणसाच्या शरीरात मायलिनचे जाड वेष्टन असलेले तंतू सेकंदाला शंभर मीटरांहूनही अधिक धावतात, तर मंद वेदना वाहणारे उघडे, बारीक तंतू जेमतेम एक मीटर चालतात; म्हणूनच बोटावर चेंडू बसला की आघात आधी कळतो आणि ठणका मागाहून येतो. तातडीच्या प्रसंगी मात्र, दूरच्या सुभेदाराने हुजुरांच्या आज्ञेची वाट न पाहता निर्णय घ्यावा तसा, मेरुरज्जू आपल्याच अखत्यारात चटका बसलेला हात मागे ओढून घेतो.

पण चांगला फलंदाज केवळ वेगावर विसंबत नाही. गोलंदाजाचे मनगट वळतानाच चेंडूची दिशा तो ताडतो, आणि सहस्रावधी वेळा गिरवलेली हालचाल विचाराची परवानगी न मागता घडते. आपण याला हात बसणे म्हणतो, आणि माझ्या मते मनुष्याने मिळविलेल्या विद्यांत ही फार मोलाची विद्या आहे.

हीच विद्या थेरगावच्या परिसरातील कारखान्यांत घात करू शकते, ही गोष्ट मला बेचैन करते. पॉवर प्रेसवर पत्रा ठेवावयाचा, ठोका पाडावयाचा, जॉब काढावयाचा, पुन्हा पत्रा ठेवावयाचा, अशी पाळी चालू असता ज्याचा हात बसला आहे त्याचाच हात लयीच्या भरात डायखाली जातो. आणि ठोका सुटल्यावर डोळ्याने पाहून हात मागे घेण्याइतका अवधी कोणाच्याही चेतांजवळ नसतो. म्हणून दोन्ही हातांनी दोन बटणे एकदम दाबल्याखेरीज ठोका पडू नये अशी योजना असते. काम झपाट्याने व्हावे म्हणून त्यांतील एक बटण बांधून ठेवण्यास जो मुभा देतो, त्याला कामगाराच्या दक्षतेला बोल लावण्याचा काडीइतकाही अधिकार नाही. तुटलेले बोट शल्यविशारदाने सूक्ष्मदर्शकाखाली जोडले तरी त्यातील अक्षतंतू दिवसाला सुमारे एक मिलिमीटर एवढेच वाढतात. रक्त तत्काळ खेळू लागते, पण स्पर्श परतावयास महिने लागतात, आणि पुष्कळदा परतलेल्या स्पर्शाला हातातला स्क्रू आटे असलेला की गुळगुळीत, हे सांगता येत नाही.