दोन पत्ते, मशीन एकच

आमच्या हॉस्टेलच्या गेटवर दोन वॉचमन आहेत. दोघंही एकाच डब्यातून जेवतात. एकदा डब्यातली उसळ आंबली आणि त्या रात्री गेटवर कुणीच नव्हतं! आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढे तीच चूक मी केली, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

झालं असं, की कॉलेज फेस्टच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आलं. साइट बाहेरच्या भाड्याच्या सर्व्हरवर होती, पण नेमसर्व्हर आपल्या लॅबमध्येच चालवायचे, असं ठरलं. नेमसर्व्हर म्हणजे साइटचं नाव विचारलं की तिचा आयपी पत्ता सांगणारा. तो बंद पडला तर काम अडू नये म्हणून दोन ठेवतात, प्रायमरी आणि सेकंडरी.

आमच्या वाट्याला आयपी आठ. त्यातला पहिला आणि शेवटचा वापरता येत नाही, एक राउटरला गेला, राहिले पाच. त्यातले तीन आधीच वाटलेले. म्हणजे माझ्याकडे दोनच, आणि पीसी एकच! मग मी शक्कल लढवली. एकाच नेटवर्क कार्डाला दोन आयपी देता येतात. दिले. सरांनी विचारलं, "दोन झाले का?" मी म्हटलं, "हो सर, दोन." खोटं नव्हतं... पण खरंही नव्हतं.

रजिस्ट्रेशनच्या शेवटच्या रात्री त्या पीसीचा एसएमपीएस उडाला. गंमत बघा, साइट ठणठणीत होती, फक्त तिचा पत्ता सांगणारं कुणी उरलं नव्हतं. टीटीएल एक तासाचा होता. त्यामुळे ज्यांनी नुकतीच साइट पाहिली होती त्यांना अजून दिसत होती आणि बाकीचे मला फोनवर झापत होते. तासाभरात सगळ्यांचीच बंद! दोन टीम्सची एंट्री राहिली, त्यातली एक माझ्या रूममेटची. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

सर रागावले नाहीत. त्यांनी आरएफसी २१८२ वाचायला दिला. १९९७ सालचा आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, सेकंडरी वेगळ्या नेटवर्कवर आणि वेगळ्या ठिकाणी ठेवा. जानेवारी २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या साइट्स जवळजवळ दिवसभर दिसत नव्हत्या, कारण त्यांचे चारही नेमसर्व्हर एकाच नेटवर्कवर होते. वाचून जरा धीर आला, खोटं कशाला बोलू!

उपाय फुकटात झाला. एक नेमसर्व्हर एका आयपीवर कितीतरी डोमेन सांभाळू शकतो. मग सरांच्या मित्राच्या कॉलेजशी, दुसऱ्या शहरात, अदलाबदल केली. त्यांनी आमचं सेकंडरी व्हायचं, आम्ही त्यांचं. दोन ठिकाणी अडलं. फायरवॉलमध्ये पोर्ट ५३ फक्त यूडीपीला उघडा होता, पण प्रायमरीवरून अख्खी झोन फाइल टीसीपीवरून जाते. आणि फाइल बदलल्यावर मी सिरियल नंबर वाढवायला विसरले, त्यामुळे सेकंडरी जुनाच पत्ता सांगत बसला.

आता दोनऐवजी एकच आयपी लागतो. उरलेला लायब्ररीला दिला. आणि "दोन झाले का?" असं कुणी विचारलं, की मी आधी एकाची वायर काढून बघते.